चिलटांत आणि डासांत वोल्बाकिया कसा शोधावा

वोल्बाकिया हा जिवाणू कीटकाच्या पेशीतच राहतो आणि आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाक यांना तो क्युलेक्स डासात दिसला. अगारच्या बशीत तो वाढत नाही, म्हणून पीसीआर, म्हणजे त्याच्या डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखायचा. एमएस्सीच्या प्रकल्पाला हा विषय इंदूरमध्ये सोयीचा, कारण नमुने फुकट मिळतात.

आधी डास. कान्ह नदीच्या आणि नाल्यांच्या काठी क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस भरपूर असतो आणि बहुतेक सगळे डास वोल्बाकियाबाधित असतात. हाच तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात पट्टी यायलाच हवी असा नमुना. झुपकेदार मिशांचे नर घ्या. रक्त प्यायलेली मादी नको, रक्तातलं हीम पीसीआर अडवतं.

मग चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला ही छोटी फळमाशी. (फळमाशी म्हटलं की शेतकऱ्याला आंब्यातली बॅक्ट्रोसेरा आठवते, ती वेगळी.) बाटलीत अर्धं पिकलेलं केळं, चिमूटभर यीस्ट, तोंडाला कागदाचं नरसाळं. चोइथराम या फळभाजी मंडीजवळ पावसाळ्यात एक-दोन दिवसांत पुरेशी सापडतात. नराच्या पोटाचं टोक काळं असेल तर मेलॅनोगॅस्टर किंवा सिम्युलन्स, फिकं असेल तर अनानासी असू शकते. पकडल्याबरोबर ९५ टक्के किंवा शुद्ध इथेनॉलमध्ये टाका. फॉर्मालिनमध्ये कधीच नाही, डीएनए तुटतो.

डीएनएसाठी महागडा किट लागत नाही. एक मिलिलिटर बफरला: १ मोलर ट्रिस (पीएच ८.२) १० मायक्रोलिटर, ०.५ मोलर ईडीटीए २, ५ मोलर मीठ ५, पाणी ९७३ आणि २० मिलिग्रॅम/मिलिलिटरचं प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं विकर) १०. प्रोटिनेज त्याच दिवशी घाला. इथेनॉल टिपकागदावर पूर्ण सुकू द्या. राहिलं तर पुढची रिॲक्शन बिघडते. पिपेटमध्ये ५० मायक्रोलिटर बफर भरा, पण सोडू नका. टिपनेच एक माशी चिरडा, मग बफर सोडा. ३७ अंशांवर अर्धा तास, ९५ अंशांवर २ मिनिटं.

पीसीआर २० मायक्रोलिटरचा: दुप्पट तीव्रतेचा मास्टरमिक्स (विकर आणि बाकी घटकांचं तयार मिश्रण) १०, प्रत्येक प्रायमर (हवा तो तुकडा निवडणारा डीएनएचा छोटा धागा, १० मायक्रोमोलर) १, डीएनए १, पाणी ७. डब्ल्यूएसपी या वोल्बाकियाच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या जनुकासाठी ८१एफ आणि ६९१आर ही प्रायमरची जोडी रूढ आहे. ९४ अंशांवर ३ मिनिटं. मग ९४ अंश ३० सेकंद, ५५ अंश ४५ सेकंद, ७२ अंश १ मिनिट, अशी ३५ चक्रं. शेवटी ७२ अंशांवर १० मिनिटं. दीड टक्का अगारोजच्या जेलवर साधारण ६०० बेसजोड्यांच्या जवळ पट्टी येते.

खरं काम इथून पुढे. त्याच डीएनएवर सीओआय या कीटकाच्या स्वतःच्या जनुकाचा पीसीआरही लावा, फोल्मर प्रायमरने सुमारे ७१० ची पट्टी यायला हवी. ती नसेल तर 'वोल्बाकिया नाही' म्हणता येत नाही, डीएनएच खराब आहे. तो दहापट पातळ करून पुन्हा लावा. चिलटाच्या डोळ्यांतलं रंगद्रव्य बऱ्याचदा आड येतं. डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीत पट्टी दिसली तर ती सगळी खेप टाकून द्या आणि पिपेट, पाणी, प्रायमर बदला. त्यातून 'वाचवण्याजोगे' नमुने निवडत बसू नका. आणि ३० चिलटांत एकही पॉझिटिव्ह नसणं म्हणजे प्रमाण शून्य नव्हे. ते १० टक्क्यांपर्यंत असू शकतं.

उलटी चूक, म्हणजे नसलेला वोल्बाकिया दिसणं, जास्त फसवी. कीटकाच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी असेल तर वोल्बाकिया तिचा असू शकतो. अनानासीच्या काही वाणांत तर वोल्बाकियाचा जवळजवळ सगळा जीनोम माशीच्याच गुणसूत्रात शिरलेला आहे, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून जिवंत माश्यांची वस्ती दोन पिढ्या टेट्रासायक्लिनच्या अन्नावर वाढवा: मिलिलिटरला ०.२५ मिलिग्रॅम, अन्न कोमट झाल्यावर मिसळायचं, बाटल्या उजेडापासून दूर. पुढची एक पिढी साध्या अन्नावर काढून मग तपासा. तरीही पट्टी टिकली, तर एक तर औषध पुरेसं पोचलं नाही किंवा जनुक माशीच्या गुणसूत्रातलं आहे. अंडाशयात चमकते प्रोब (वोल्बाकियाला चिकटणारे डीएनएचे तुकडे) वापरून जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय यांत निवड करता येत नाही.