एनपी-कम्प्लीट सिद्ध करायचंय? आधी रिडक्शनची दिशा लिहा

पी आणि एनपी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, असं धरून चालतो. रिडक्शन म्हणजे एक प्रश्न दुसऱ्यात झटपट, म्हणजे पॉलिनोमियल टाइममध्ये, असा बदलणं की हो-नाही उत्तर तेच राहील. एनपीतला प्रत्येक प्रश्न एनपीतल्याच ज्या प्रश्नात असा बदलता येतो, तो एनपी-कम्प्लीट. उदाहरण इंडिपेंडंट सेटचं घेऊ. एक ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा) आणि एक संख्या दिली आहे. तेवढे बिंदू असे निवडता येतील का, की त्यांतल्या कुठल्याही दोघांमध्ये कड नसेल?

पहिली पायरी, प्रश्न एनपीत आहे हे दाखवणं. कुणी बिंदूंची यादी दिली तर ती मोजा आणि प्रत्येक जोडी तपासा. झालं.

दुसरी पायरी म्हणजे दिशा, आणि बहुतेक जण इथेच फसतात. मीही फसलो होतो. परीक्षेत पानभर रिडक्शन लिहिलं, त्यातली प्रत्येक ओळ बरोबर होती, पण दिशा उलटी असल्यामुळे उत्तराला शून्य मिळालं. ‘नवा प्रश्न ओळखीच्या प्रश्नात बदला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. प्रश्न सोडवायचा असेल तेव्हा हा सल्ला ठीक आहे. शाळेपासून आपण गणितं तशीच सोडवतो, म्हणून हाताला तीच सवय असते. पण इथे प्रश्न सोडवायचा नाही, तो अवघड आहे हे दाखवायचं आहे. म्हणून ओळखीचा अवघड प्रश्न नव्या प्रश्नात बदलायचा.

खात्री पटत नसेल तर हे पाहा. ‘४८ ही संख्या सम आहे का?’ हा प्रश्न सॅटमध्ये (व्हेरिएबलना खरं-खोटं अशा किमती देऊन सूत्र खरं करता येईल का, हा प्रश्न) सहज बदलता येतो. शेवटचा अंक बघा. सम असेल तर खरं करता येणारं सूत्र लिहा, विषम असेल तर कधीच खरं न होणारं. रिडक्शन अगदी बिनचूक आहे. म्हणून सम-विषम ओळखणं अवघड ठरलं का? मुळीच नाही. कागदाच्या माथ्यावर ‘३-सॅटकडून इंडिपेंडंट सेटकडे’ असं लिहा आणि मगच पुढे जा. ३-सॅट म्हणजे सूत्राच्या प्रत्येक कंसात तीन पदं असलेलं सॅट.

३-सॅटच का? स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये सॅट एनपी-कम्प्लीट असल्याचं सिद्ध केलं आणि १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी तिथून २१ प्रश्नांपर्यंत साखळी नेली. ३-सॅट त्यांतलाच एक. त्यामुळे सगळं मुळापासून सिद्ध करायची गरज नाही.

तिसरी पायरी, बांधणी. समजा सूत्र आहे: (क्ष किंवा य किंवा झ) आणि (नाही-क्ष किंवा य किंवा नाही-झ). प्रत्येक कंसासाठी तीन बिंदूंचा त्रिकोण काढा, कंसातल्या एकेका पदासाठी एक बिंदू. मग जिथे जिथे क्ष आणि नाही-क्ष, झ आणि नाही-झ असे विरोधी बिंदू येतील, तिथे त्यांना कडेने जोडा. जितके कंस तितके बिंदू निवडायचे, म्हणजे इथे २. ग्राफ बांधताना सूत्राचं उत्तर शोधत बसू नका. ते शोधायला लागलात की पॉलिनोमियल टाइम हातचा जातो. कंसांच्या तिप्पट बिंदू आणि त्यांच्या जोड्या, एवढंच काम आहे.

चौथी पायरी, दोन्ही बाजू सिद्ध करणं. सूत्र खरं होत असेल तर प्रत्येक कंसातला एक खरा बिंदू उचला. इथे पहिल्यातून य, दुसऱ्यातून नाही-क्ष. ही बाजू सगळेच लिहितात.

उलटी बाजू मात्र अनेक जण ‘त्याचप्रमाणे’ म्हणून सोडून देतात, आणि मला ते अजिबात मान्य नाही. ग्राफमधला संच कुठून आला हे आपल्याला ठाऊक नसतं. तो आपण बांधलेल्या उत्तरातूनच आला, असं गृहीत धरणं म्हणजे सिद्धतेत भोक ठेवणं. हातात कुठलाही योग्य संच आहे असं समजून सुरू करा. एका त्रिकोणातून दोन बिंदू येऊच शकत नाहीत, कारण त्यांच्यात कड आहे. कंसांइतकेच बिंदू हवे आहेत, म्हणजे प्रत्येक त्रिकोणातून बरोबर एक आला. विरोधी बिंदू जोडलेले असल्यामुळे क्ष आणि नाही-क्ष दोन्ही निवडले गेलेले नाहीत. निवडलेल्यांना खरं ठरवा. ज्या व्हेरिएबलचा उल्लेखच झाला नाही, त्याला कुठलीही किंमत द्या. प्रत्येक कंस खरा झाला.

हे जमलं की लगेच ‘क्लिक’ हा प्रश्न करून पाहा: तेवढे बिंदू असे निवडता येतील का, की त्यांतल्या प्रत्येक दोघांमध्ये कड असेल? ग्राफमध्ये असलेल्या कडा पुसा, नसलेल्या आखा, आणि माथ्यावर लिहा: इंडिपेंडंट सेटकडून क्लिककडे.