जामीनदार म्हणून सही करण्याआधी

कापूस घरी यायच्या आधी कोणी ना कोणी भाऊबंद पतसंस्थेचा फॉर्म घेऊन दारात येतोच. बायबलमधल्या नीतिसूत्रे 22:26-27 चा सल्ला रोखठोक आहे: फेडायला जवळ काही नसेल तर जामीन राहू नको, अंगाखालचं अंथरूण जाईल. कायदाही तसाच. भारतीय करार अधिनियम 1872, कलम 128 नुसार करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा’ हे चालत नाही.

1. कापूस-तुरीच्या पैशातून बी-खत, मजुरी आणि घरखर्च वजा करा. उरलेल्यात पूर्ण कर्ज व्याजासकट बसत नसेल, तर तोंडावर नाही म्हणा. चार दिवस रुसवा राहील, पण वावर राहील.
2. रक्कम, व्याजदर, मुदत भरलेली दिसल्याशिवाय सही नाही. कोरा चेक तर मुळीच नाही.
3. ‘जबाबदारी अमुक रुपयांपर्यंतच’ असं करारात लिहून मागा.
4. झेरॉक्स घ्या.

सही होऊन गेली असेल तर नीतिसूत्रे 6:3-4 सांगतं, डोळ्याला डोळा लागायच्या आत सुटायला जा. कॅश क्रेडिटसारख्या, म्हणजे मर्यादेत लागेल तशी उचल करता येणाऱ्या कर्जखात्याचा जामीन, करारात आडकाठी नसेल तर, लेखी नोटीस देऊन पुढच्या उचलीपुरता काढता येतो (कलम 130). आधीची उचल मात्र मानेवर राहतेच.