अश्वगंधा घेताय? मग या चुका टाळा

अश्वगंधा घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिला औषधात न मोजणं. डॉक्टर विचारतात, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? आपण बिनधास्त सांगतो, काही नाही. कारण काय तर ती हर्बल आहे ना, तिचं काय सांगायचं!

मीपण तेच केलं. झोप लागत नव्हती म्हणून सुरू केली, तीही सकाळी रिकाम्या पोटी, मग आठवडाभर मळमळ, पोट ढिलं आणि दुपारी काम करता करता डोळे मिटायचे, आणि मी शिव्या घालतोय चहाला. रात्री जेवणानंतर घ्यायला लागलो आणि दोन्ही त्रास गेले. मळमळ, जुलाब, सुस्ती हे हिचे नेहमीचेच साइड इफेक्ट आहेत. आणि हो, गोळी घेऊन पेंग येत असेल तर गाडी चालवू नका.

आता लेबल. लोक समोरचा मोठा आकडा बघतात, 600 मिग्रॅ वाली 300 वालीपेक्षा स्ट्राँग म्हणून घेतात. बाटली फिरवा आणि मागे बारीक अक्षरात विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतले मुख्य सक्रिय घटक) किती टक्के ते वाचा. 600 मिग्रॅमध्ये 5% म्हणजे 30 मिग्रॅ, आणि 300 मिग्रॅमध्ये 10% म्हणजे पण 30 मिग्रॅच, मग स्ट्राँग कुठली झाली? चूर्णाचं गणित तर अजूनच वेगळं, त्यामुळे चूर्णाचा डोस एक्स्ट्रॅक्टला (गोळी-कॅप्सूलमधल्या अर्काला) लावायचा नाही. मुळाचं आहे की पानांचं तेही बघा, कारण पेशींना मारक असलेलं विथाफेरिन ए पानांत जास्त असतं.

थायरॉइडवाल्यांनी हे नीट वाचा. अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं, त्यात तुमची थायरॉक्सिनची गोळी आधीच चालू असेल तर छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं असं सुरू होतं आणि माणसाला वाटतं टेन्शन वाढलंय, म्हणून तो अश्वगंधेची अजून एक कॅप्सूल घेतो! असं काही झालं तर आधी अश्वगंधा बंद करा आणि टीएसएच, टी4 या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करून घ्या.

लिव्हरचा त्रास क्वचित होतो, पण झाला तर साधा नसतो. साधारण 2 ते 12 आठवड्यांत अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे. खाज आली की लोक साबण बदलतात आणि गोळी चालूच. त्याच दिवशी गोळी बंद करून लिव्हर फंक्शन टेस्ट करा, बंद केल्यावर बहुतेक जण काही महिन्यांत बरे होतात. ज्यांना लिव्हरचा आजार आधीपासून आहे त्यांनी मात्र वाटेलाच जाऊ नका, अशा पेशंटचे मृत्यूही नोंदले गेलेत. आणि एकदा त्रास झाल्यावर ब्रँड बदलून परत ट्राय करणारे पण असतात, त्यांना काय म्हणावं! अहो, वनस्पती तीच आहे.

झोपेच्या गोळ्या, शुगर, बीपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर न विचारता घेऊ नका, शुगर-बीपी गरजेपेक्षा खाली जाऊ शकतं. प्रेग्नन्सीत नाही म्हणजे नाही, अंगावर पाजतानाही नको. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, साधारण दोन आठवडे आधी थांबवतात. डेन्मार्कने तर हार्मोनवरच्या परिणामांच्या काळजीने 2023 मध्ये थेट बंदी घातली. मला ते जरा जास्तच वाटतं, पण वर्षानुवर्षं खंड न पाडता घेणाऱ्यांनी एवढं बघा की बहुतेक अभ्यास जेमतेम तीन महिन्यांचेच आहेत.

मी आता बाटलीच्या पुढचा-मागचा फोटो फोनमध्ये ठेवलाय आणि झाकणावर पेनाने सुरू केल्याची तारीख लिहिलीये. डॉक्टरांनी "काय चालू आहे?" विचारलं की फोनच पुढे करतो.