छोटं पेट्रोल इंजिन महिनोन्‌महिने बंद ठेवण्याआधीची तयारी

जनरेटर असो, पाण्याचा पंप असो की गवत कापायचं मशीन, छोटं पेट्रोल इंजिन चालून चालून जितकं बिघडत नाही तितकं उभं राहून बिघडतं. आणि उभ्या इंजिनाच्या बहुतेक तक्रारी कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात) राहून गेलेल्या घोटभर पेट्रोलपाशी येऊन थांबतात. म्हणून तयारी पेट्रोलपासून सुरू करायची, आणि क्रमही पाळायचा. आधी सगळं ऑइल बदलून, प्लग बसवून मोकळे झालात आणि मग कार्ब्युरेटर आठवला, तर इंजिन पुन्हा चालवावं लागतं आणि अर्धी मेहनत वाया जाते.

हाताशी प्लग पाना, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), बारीकसारीक पाने, पसरट भांडं, नरसाळं, झाकणाचा पेट्रोल कॅन, नवं इंजिन ऑइल, नवा प्लग आणि सुती चिंध्या ठेवा. मशीनचं मॅन्युअलही हवंच, कारण खालचे आकडे बहुतेक इंजिनांना लागू असले तरी शेवटचा शब्द त्याचा. काम उघड्यावर करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे खोलीचं दार उघडं ठेवून भागत नाही. पेट्रोल काढायचं ते इंजिन गार झाल्यावरच, आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नको.

पेट्रोल महिन्याभरात जुनं व्हायला लागतं. त्यातला लवकर पेटणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा हळूहळू डिंकासारखा चिकट थर बनतो. कार्ब्युरेटरमधला आयडल जेट इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडतो, त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. ते बुजायला थोडासा थर पुरतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे नेमकं जिथून इंजिनाला पेट्रोल जातं तिथेच.

दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये बाटलीवरच्या मापाने स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं रसायन) घाला, टाकी जवळपास भरा आणि इंजिन दहा मिनिटं चालवा. न चालवता नुसतं टाकीत ओतलं तर कार्ब्युरेटरमध्ये जुनंच पेट्रोल राहतं. शिळं झालेलं पेट्रोल स्टॅबिलायझरने ताजं होत नाही, हेही लक्षात असू द्या. त्याहून जास्त काळ ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करणंच बरं.

दोन्ही प्रकारांत पुढची पायरी एकच. पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. एवढ्यावर अनेकजण थांबतात, पण जेटच्या पातळीखाली फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) तळाशी थोडं पेट्रोल उरलेलं असतंच. इंजिन गार झाल्यावर खालचा ड्रेन स्क्रू सैल करून ते भांड्यात काढा. स्क्रू नसेल तर चेंबरचा बोल्ट सोडा, आणि त्याचा वॉशर हरवू देऊ नका. कॉकखाली गाळाची वाटी असेल तर तीही पुसून घ्या.

पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक ब्रश कटरला (झुडपं कापायच्या मशीनला) बहुधा फ्लोट चेंबर नसतो. टाकी रिकामी करा, प्रायमरचा फुगा (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओढायचं रबरी बटण) पेट्रोल यायचं थांबेपर्यंत दाबा आणि मग इंजिन चालवून उरलेलं संपवा. ऑइल मिसळलेलं पेट्रोल पुढच्या हंगामासाठी ठेवू नका. लागेल तेव्हा ताजं करा. पेट्रोल आणि ऑइलचं प्रमाण ५०:१ हवं असेल तर लिटरला २० मिली ऑइल, ४०:१ साठी २५ मिली.

आता फोर-स्ट्रोकचं, म्हणजे ज्यात ऑइल वेगळं भरतात त्या इंजिनाचं ऑइल. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा साठलेला असतो, तो महिनोन्‌महिने बेअरिंगला लागून राहू नये म्हणून ते मशीन ठेवण्याआधी बदलायचं, पुन्हा वापरायला काढल्यावर नव्हे. इंजिन कोमट असतानाच ऑइल काढा, म्हणजे गाळही सोबत येतो. पाच-सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनात साधारण ६०० मिली बसतं. ग्रेड (ऑइलच्या घट्टपणाचा आकडा) बहुधा एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३०. पातळीचा दांडा नुसता टेकवून मापायचा की आटे फिरवून, ते मॅन्युअलमध्ये पाहा. यात गफलत झाली की ऑइल जास्त होतं आणि निळा धूर निघतो.

प्लग काढून त्याचं टोक पाहा. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. स्विच बंद ठेवून भोकातून चहाचा चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल सिलिंडरमध्ये सोडा, भोकावर चिंधी धरा आणि इंजिन सुरू करायची दोरी सावकाश तीन-चार वेळा ओढा. प्लगची फट बहुधा ०.७ ते ०.८ मिमी. प्लग आधी हातानेच आटे धरून बसवा, मग पान्याने नवा असेल तर अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेऱ्याहून जास्त नाही. शेवटी दोरी हलकेच ओढत हाताला जड लागेल तिथे थांबवा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओलसर हवा आत जात नाही.

फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलमध्ये बुडवून पिळा. कागदी फिल्टर धुऊ नका. कूलिंग फिन्समधला (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमधला) कचरा काढा, बॅटरी असेल तर आधी निगेटिव्ह वायर सोडा. मशीन कलतं करायची वेळ आलीच तर प्लगची आणि फिल्टरची बाजू वर ठेवा.

महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. तिचा फायदा कमी, तोटा जास्त: इंजिन पुरतं तापत नाही आणि आतला ओलावा ऑइलमध्येच राहतो. चालवायचंच तर लोड देऊन, म्हणजे काम करून घेत, अर्धा तास चालवा.

परत काढताना ऑइलची पातळी आणि पंख्याच्या झाकणाखाली उंदराचं घरटं आहे का ते पाहा, ताजं पेट्रोल भरा. सुरुवातीला थोडा धूर निघेल. तो सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा, लवकरच थांबतो.

सुरूच झालं नाही तर दहा-बारा ओढींनंतर प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: कॉक, गाळणी, मग जेट. ओला असेल तर ठिणगी तपासा, तीही जुना प्लग भोकात ठेवून दुसरा प्लग टोपीत बसवून आणि त्याचा धातू इंजिनाला टेकवून. ठिणगी नसेल तर कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) उघडण्याआधी ऑइल पाहा. ऑइल कमी असलं किंवा मशीन उतारावर असलं तरी काही इंजिनांचा सेन्सर ठिणगी तोडतो.

फक्त चोकवरच चालत असेल, किंवा वेग सारखा वरखाली होत असेल, तर जेट बुजलाय किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. जेट काढून क्लीनरने साफ करा. तार खुपसू नका, पितळेचं भोक मोठं होतं. पंधरा मिनिटांनी बंद पडून थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत असेल तर टाकीचं झाकण सैल करून चालवून पाहा. त्याचं हवेचं भोक बुजलेलं असू शकतं. तरीही तसंच झालं तर बहुधा कॉइल गरम होऊन दगा देतेय.

दोरी ओढलीच जात नसेल तर जोर लावू नका. प्लग काढा, स्विच बंद ठेवून दोरी ओढा. सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा ऑइल साठलं असेल तर बाहेर येईल. अशा वेळी ऑइलचा दांडाही हुंगून पाहा. पेट्रोलचा वास असेल आणि पातळी खुणेच्या वर गेली असेल तर फ्लोटची सुई (चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी) गळतेय. सुई बदलून, ऑइल पूर्ण बदलून मगच इंजिन सुरू करा.