एक कडेवर, एक बोटाला: दोन लहानग्यांना घेऊन बाहेर पडताना या चुका टाळा

धाकटीची साडेतीन महिन्यांची लस होती. ती माझ्या छातीशी, अडीच वर्षांचा थोरला शेजारी, आणि आम्ही तिघं रिक्षात. दवाखान्यापाशी रिक्षा थांबली. मी धाकटीला घेऊन उतरले आणि पर्समध्ये सुट्टे शोधायला लागले. तेवढ्यात थोरला आपला आपण उतरला आणि रस्त्यापलीकडच्या फुगेवाल्याच्या दिशेने निघालासुद्धा. रिक्षावाले काका ओरडले, "ताई, पोरगं!" एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला. कुणाला काही झालं नाही. लस मात्र त्या दिवशी धाकटीइतकीच मलाही टोचली गेली.

तेव्हा कळलं की माझी तयारी उलटी होती. दुपटी, टोपडं, डायपर, जादा झबली, सगळं बाळाचं. आणि तान्हं बाळ तर सगळ्यात सोपं, ठेवलं तिथे राहतं. घोळ घालतो तो चालता-पळता. तोही गाडी चालू असताना नाही, चढता-उतरताना. आपले दोन्ही हात गुंतलेले असतात ते नेमके तेव्हाच.

चूक पहिली: चढण्या-उतरण्याचा क्रमच ठरवलेला नसतो

आमच्या घरी आता नियम आहे: बसताना मोठा आधी, उतरताना मोठा शेवटी. कारमध्ये आधी थोरल्याला सीटवर बसवून पट्टा लावायचा, मग बाळ. उतरताना आधी बाळाला कॅरियरमध्ये, म्हणजे छातीशी बांधायच्या पट्ट्यांच्या झोळीत, बांधायचं, खांद्याला पर्स अडकवायची, आणि हात मोकळा झाला की मगच थोरल्याचा पट्टा सोडायचा. तोवर तो गाडीत बांधलेला असतो, ओरडत का असेना. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक कायम लावलेलं.

थोरल्याची सीट डाव्या बाजूला, म्हणजे फुटपाथकडे ठेवा. मग बाळाला रहदारीच्या बाजूने काढावं लागतं, हे खरं. पण बाळाला आपण उचलून काढतो, हा स्वतःच्या पायांनी उतरतो. मी तरी पायवाल्याला फुटपाथ दिलाय.

रिक्षात याच्या उलट. तिथे पट्टा नाही, दारही नाही. थोरला उजवीकडे, दांडा असलेल्या बंद बाजूला. आपण उघड्या बाजूला, दारासारखे. पैसे आत बसूनच द्या, सुट्टे असोत की यूपीआय. ते झालं की आधी आपण उतरायचं, उघड्या बाजूसमोरच उभं राहायचं आणि थोरल्याचा हात धरून त्याला खाली घ्यायचं. रिक्षावाले घाई करत नाहीत, घाई आपल्यालाच असते.

बाबागाडीत नक्की कुणाला बसवायचं?

ही चूक महाग पडते. बाळ येणार म्हणून आपण भारीतली स्ट्रॉलर घेतो आणि मग पुण्याच्या फुटपाथवर ती ढकलून बघतो. दहा पावलांवर उखडलेला पेव्हर ब्लॉक, पंधराव्यावर आडवी लावलेली बाइक, पुढे लोखंडी खांब आणि मग फुटपाथच संपतो. लक्ष्मी रोडवर स्ट्रॉलर नेणारीला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

आम्हाला जमलं ते असं: बाळ अंगावर, थोरला गाडीत. हलकी, एका हाताने मिटणारी साधी गाडी. विमानतळ, मॉल, बाग, मोठं हॉस्पिटल अशा सपाट जागी अडीच वर्षांचं पोर वीस मिनिटांत "पाय दुखले" म्हणतं, आणि तेव्हा कडेवर जागा नसते. सासूबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. "एवढा मोठा घोडा गाडीत आणि तान्हं उन्हात अंगावर?" असं त्या चारचौघांत म्हणाल्या. महाबळेश्वरला एकदा सोबत आल्या, आता त्याच गाडी आठवणीने डिकीत टाकतात.

तान्ह्या बाळालाच गाडीत ठेवायचं असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी हवी, कारण मान धरेपर्यंत त्याला बसतं ठेवता येत नाही. आणखी दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे हँडलला जड पिशवी अडकवणं: मूल उचललं की गाडी मागे उलटते, आणि मागे थोरला उभा असतो. दुसरी, उन्हासाठी गाडीवर दुपटं पांघरणं. सावली होते, पण हवा कोंडते आणि आतली गरमी बाहेरपेक्षा वाढते. छत्री लावा, नाहीतर उन्हाची वेळच टाळा. सरकत्या जिन्यावर स्ट्रॉलर न्यायची नाही. लिफ्ट लांब असली तरी लिफ्टच.

कॅरियर: बांधायला सोपं, चुकायला त्याहून सोपं

कॅरियर हे या काळातलं सगळ्यात उपयोगी साधन, म्हणून इथे जरा रेंगाळते. दोन्ही हात मोकळे असणं काय चीज असते ते बाळंतपणानंतरच कळतं. पण नवं कॅरियर पहिल्यांदा बांधायची जागा म्हणजे दवाखान्याबाहेरचा रस्ता नव्हे. घरी आठवडाभर सवय करा, आधी पलंगाजवळ उभं राहून.

बाळाची हनुवटी छातीला टेकलेली नको. मधे आपली दोन बोटं बसली पाहिजेत, नाहीतर श्वासाची वाट चेपते, आणि इतकं लहान बाळ मान उचलून स्वतःची सुटका करून घेऊ शकत नाही. मान किंचित वाकवली की त्याच्या डोक्याची पापी घेता आली पाहिजे, इतकं ते वर हवं. चेहरा कायम दिसला पाहिजे. ओढणीने झाकून टाकायचा नाही. पाय लोंबते नकोत. गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, मांड्यांना खालून आधार, बेडकासारखे. खुब्यांच्या सांध्यांना ते बरं. मान नीट धरेपर्यंत तोंड बाहेरच्या बाजूला करून बसवू नका, मग ते कितीही गोड दिसो.

कॅरियरमध्येच पाजलंत तर पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा वर घेऊन पट्टे आवळा. हे विसरायला होतं, कारण पिताना बाळ झोपी जातं आणि आपल्याला हुश्श वाटतं. थोरल्याची चप्पल उचलायला कमरेत वाकू नका, गुडघ्यात बसा. कॅरियर हाच एक कपडा धरा. आत झबलं आणि लंगोट पुरे, उन्हाळ्यात तर नक्कीच. सिझेरियन झालं असेल तर कमरेचा पट्टा टाक्यांवर येतो. कधीपासून बांधायचा ते डॉक्टरांना विचारा, मैत्रिणीला नाही. आणि चालत्या कारमध्ये कॅरियर ही सीट नव्हे.

स्कूटरवर चौघं

बाबा चालवणार, थोरला पुढे उभा, आई मागे, बाळ मधे. हे दृश्य आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की त्याला चूक म्हटलं तर लोक हसतात. २०२२ साली केंद्राने नियम केला आणि फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला: चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडणारा सेफ्टी हार्नेस, नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आतला वेग. चार वर्षांवरचं मूल तर पूर्ण प्रवासी धरलं जातं, म्हणजे ट्रिपल सीट. हे किती जण पाळतात, तो वेगळा विषय.

माझं मत विचाराल तर तान्ह्याला दुचाकीवर न्यायचंच नाही. त्याच्या मापाचं हेल्मेट नसतं आणि असतं तरी मानेला ते पेललं नसतं. नाइलाजाने थोरल्याला नेत असाल तर त्याला पुढे उभं करू नका. अचानक ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट हँडलवर. आणि मागे बसणाऱ्या आईची ओढणी, पदर, दुपट्याचं टोक चाकात जाऊ शकतं. गाठ मारून घ्या.

"मांडीवर घेते की मी!"

कारमधली ही सगळ्यात प्रेमळ चूक. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून थांबली तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा धक्का साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. त्या क्षणी कुठल्याच आजीच्या हातात बाळ राहत नाही. कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली.

बाळाची सीट मागच्या बाजूला तोंड करून, मागच्याच सीटवर. समोर एअरबॅग चालू असलेल्या सीटवर तर कधीच नाही. पट्टा खांद्याजवळ चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर सैल आहे. जाड स्वेटर किंवा गुंडाळलेलं दुपटं पट्ट्याच्या आत घालू नका, पांघरूण पट्ट्यावरून टाका. ओळखीतून जुनी सीट मिळत असेल तर आधी विचारा, तिचा अपघात झालाय का. संकोच वाटतो, पण विचारा.

छोट्या कारमध्ये मागे दोन चाइल्ड सीट लावल्या की मधे मोठं माणूस मावत नाही. हे प्रवासाच्या सकाळी कळलं तर आजीला पुढे बसवायचं की मागे, यावर घरातलं वातावरण तापतं. आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून बघा.

आणि दर दोन तासांनी थांबा. कोल्हापूरला जाताना आम्ही पूर्वी एका दमात कराड गाठायचो. आता साताऱ्याच्या अलीकडेच पहिला थांबा. बाळाला सीटमधून काढून आडवं करायचं, पाजायचं, ढेकर काढायचा. मुक्कामी पोचल्यावर झोपलंय म्हणून त्याला सीटमध्येच ठेवू नका. बसत्या अवस्थेत मान पुढे पडते. "दोन मिनिटांत येते" म्हणून बंद गाडीत ठेवणं तर नाहीच, काच थोडी उघडी असली तरी. थोरल्याला खंबाटकी घाटात गाडी लागत असेल तर निघण्याआधी दूध पाजू नका, गाडीत गोष्टीचं पुस्तक किंवा मोबाइल देऊ नका, लांबचं बघायला लावा.

रेल्वे आणि एसटी

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. रात्रीच्या गाडीला ही बचत महागात जाते. एका बर्थवर आई, तान्हं आणि झोपेत गोल फिरणारा थोरला. मी महालक्ष्मी एक्सप्रेसने हा प्रयोग एकदाच केला. पूर्ण भाडं भरून मोठ्यासाठी बर्थ घेता येतो, घ्या. खालच्या बर्थवर बाळ भिंतीच्या बाजूला ठेवा. गरम चहाचा कप बाळ मांडीवर असताना हातात घेऊ नका. स्टेशन येण्याआधी पंधरा मिनिटं बॅगा दाराजवळ हलवायच्या, पण मुलांना नाही. ती गाडी थांबल्यावरच दारात येतील.

एसटीतही पाचच्या खाली तिकीट नाही आणि बायकांना २०२३ पासून निम्मं भाडं. पाजायला बसस्थानकावर हिरकणी कक्ष शोधा. बंद असला तर चौकशीच्या खिडकीवर किल्ली मागा, लाजू नका.

रस्त्यात अडलं तर

दोघं एकदम रडायला लागली: आधी थोरला. बाळ पाजलेलं, कोरडं आणि अंगावर असेल तर त्याचं दोन मिनिटं रडणं चालतं. थोरला मात्र रागाने हात सोडवून पळू शकतो. त्याच्या उंचीला बसा, पाणी द्या. आणि बाळाला मोठ्याने सांगा, "थांब गं, आत्ता दादाचं चाललंय." दिवसभर "बाळामुळे थांब" ऐकणाऱ्याला हे वाक्य लाडवाहून गोड लागतं.

भर उन्हात बाळ किरकिरतंय: सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नाही, पुन्हा पाजा. बाटलीचं दूध असेल तर आधी कालवून नेऊ नका. थर्मासमध्ये उकळलेलं गरम पाणी आणि पावडर वेगवेगळी न्या.

थोरल्याला भूक: केळं, राजगिऱ्याची वडी, खाकरा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चालत्या गाडीत देऊ नका. धक्क्याने घशात अडकतात आणि आपण वळून बघेपर्यंत उशीर होतो.

पिशवी सापडत नाही: ती एकच आणि मोठी आहे म्हणून. एक डायपर, ओले पुसणे, एक झबलं, थोरल्याची चड्डी आणि खाऊ इतकंच एका छोट्या तिरक्या पर्समध्ये ठेवा, एका हाताने उघडणाऱ्या. बाकीचं मागच्या सॅकमध्ये.

गर्दीत जायचंय: थोरल्याच्या हातावर बॉलपेनने फोन नंबर लिहा. मनगटाला जोडायचा पट्टाही मिळतो. लोक बघतात, बघू देत.

"मला पण उचल" म्हणून भर रस्त्यात बसला: ओढू नका, दोघांना एकदम उचलूही नका. कडेला घ्या, आणि त्याला काम द्या. आमचा थोरला बाळाचं टोपडं सांभाळतो. एकदा हरवलंही. टोपडं पन्नास रुपयांना मिळतं.

फुगा हवाच असेल तर तो घराच्या दारात, शेवटी. रिक्षात फुटला की दोघं दचकून भोकाड पसरतात, आणि फुटलेले तुकडे थोरला तोंडात घालतो. ते लगेच गोळा करून स्वतःच्या खिशात टाका.