माळावरचं गवत मोजायचं कसं

दसऱ्याच्या आसपास बालाघाटाच्या माळावर जा. तेव्हा गवतं तुऱ्यावर असतात, म्हणून ओळखू येतात. पुढं कुसळं झडली की नुसत्या काड्या उरतात.

चार खुंट्या आणि सुतळी घ्या, एक मीटरचा चौकोन आखा. दोन्ही कर्ण १४१ सेंटिमीटर भरले पाहिजेत. पहिल्या वर्षी मी कर्ण मोजलेच नाहीत. माझे निम्मे चौकोन पतंगासारखे तिरके निघाले, दोन दिवस पाण्यात.

चौकोन कुठं टाकायचा हे मात्र डोळ्यांनी ठरवू नका. मन हिरव्या जागीच ओढतं. आकड्यांच्या चिठ्ठ्या उचलून किती पावलं चालायचं ते ठरवा, मग खडक येवो की शेणाचा पो, तिथंच बसा.

आत कुसळी गवताचे ठोंब किती, पवन्याचे किती, मारवेलाचे किती, एकेक मोजा. 'भरपूर' असं लिहू नका. १८९८ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी असंच मोजून दाखवलं, की नजरेचा अंदाज फसवतो. (पाउंड पुढं कायद्याचा मोठा पंडित झाला!)

ओढ्याकाठी वेगळे चौकोन टाका. गुराख्याला गवतांची नावं विचारा, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त येतात.