एफआय (फ्युएल इंजेक्शन) दुचाकी चालू होईना? बटण दाबण्याआधी तीन सेकंद ऐका

चावी फिरवा, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) चालू ठेवा आणि सेल्फला हात लावू नका. टाकीतून ‘झूंऽऽ’ असा बारीक आवाज दोन-तीन सेकंद येतो आणि थांबतो. टाकीत बसवलेला फ्युएल पंप त्या वेळात इंजेक्टरपर्यंतच्या पाइपमध्ये दाब भरतो. बहुतेक गाड्यांत हा दाब साधारण तीन बार असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. तो भरला नाही तर इंजेक्टरमधून पेट्रोलचा नीट फवारा उडत नाही, मग सेल्फ कितीही मारा.

मी कराडकडे गॅरेज चालवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि शंभर सीसीच्या साध्या गाडीलाही कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन बसलं. गाडी बदलली, पण हात अजून कार्ब्युरेटरच्या सवयीनेच चालतात. चावी लावली की लगेच बटण, नाही झाली की पुन्हा बटण, मध्ये दोन-तीनदा अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा. जुन्या गाडीला हे चालून जायचं. एफआय गाडीत थंड इंजिनाला किती पेट्रोल आणि हवा द्यायची हे ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, तापमान बघून ठरवतो. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर न पिळता सेल्फ मारायचा, तोही पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये दहा-पंधरा सेकंद थांबायचं. सतत सेल्फ मारत राहिलात तर मूळ बिघाड बाजूला राहतो आणि वर बॅटरी उतरते.

पंपाचा आवाज आलाच नाही, तर आधी किल स्विच बघा. यात लाज वाटायचं कारण नाही. गाडी पुसताना किंवा लहान मूल सीटवर बसून खेळताना तो बंद होतो, आणि लोक घामाघूम होऊन गाडी ढकलत आणतात. दुसरं, गाडी आडवी पडली होती का ते आठवा. बऱ्याच गाड्यांत पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी सरळ उभी करून चावी पूर्ण बंद करा, काही सेकंदांनी पुन्हा चालू करा, एवढ्यावर काम होतं. त्यानंतर फ्यूज.

फ्यूजबद्दल मला कळकळीने सांगायचंय. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका. दहा अँपिअरचा होता तर दहाचाच लावा. नवा लगेच उडाला तर कुठेतरी वायर घासून बॉडीला टेकतेय. आमच्या ऊसपट्ट्यात हा उद्योग बहुतेक वेळा उंदरांचा असतो. फडाच्या कडेला चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची सीट काढली तर आत चिपाडं आणि कुरतडलेलं वायरिंग सापडतं. तिथे तार घालून फ्यूज ‘पक्का’ केला तर पुढची ठिणगी टाकीखालीच पडेल.

आता बॅटरी, कारण निम्म्या तक्रारी इथेच संपतात. सेल्फ दाबल्यावर नुसतं ‘टक टक टक’ होत असेल आणि मीटरचे दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. आधी टर्मिनलचा पांढरा-हिरवा थर घासून स्क्रू आवळा. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. बाराच्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली घसरत असेल तर बॅटरीवर भरवसा ठेवू नका. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी ठीक, हा समज मात्र चुकीचा आहे. सेल्फ कसाबसा फिरतो, पण त्याच क्षणी ईसीएम आणि पंपाला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत.

म्हणूनच ‘धक्का द्या, होईल चालू’ हे इथे दरवेळी लागू पडत नाही. बॅटरी थोडी कमी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये होते. पूर्ण मेलेली असेल तर पंपच फिरत नाही, अख्खी आळी ढकलायला आली तरी उपयोग नाही. मोटारीच्या बॅटरीवरून केबल लावून चालू करायची असेल तर मोटारीचं इंजिन बंद ठेवा. आणि चालू गाडीची बॅटरी काढून दुसऱ्या गाडीला लावण्याचा जुना प्रकार तर अजिबात करू नका. व्होल्टेज उसळून ईसीएम जातो.

बटण दाबल्यावर साधं टक् सुद्धा होत नाही? मग साइड स्टँड वर घ्या, न्यूट्रल घाला, क्लच पूर्ण दाबा. साइड स्टँडच्या स्विचमध्ये पावसाळ्यात चिखल भरतो, तो पाण्याने धुऊन दोन-चारदा वर-खाली करून बघा.

पंप वाजतो, इंजिन जोरात फिरतं, तरी धरत नाही, ही खरी गुंतागुंतीची अवस्था. टाकीत पेट्रोल किती आहे ते आधी बघा. एफआय गाडीला रिझर्व्हचा कॉक नसतो, आणि साइड स्टँडवर उभ्या गाडीतलं थोडं पेट्रोल डावीकडे जाऊन बसतं. गाडी सरळ धरा, लिटरभर पेट्रोल टाका, तीन-चार वेळा चावी बंद-चालू करून पंपाला दाब भरू द्या, मग सेल्फ मारा. टाकी कायम तळाला ठेवून फिरणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंप थंड ठेवायचं कामही पेट्रोलच करतं.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. इथे मात्र अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत असं केलं की ईसीएम पेट्रोल तोडतो आणि आतलं बाहेर निघून जातं.

जुलै-ऑगस्टमध्ये माझा पहिला संशय पाण्यावर. टाकीच्या झाकणाजवळ पाणी वाहून जायला बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की तिथे साचलेलं पाणी टाकीत झिरपतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. अशा गाडीचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. मात्र पंपाकडचा पाइप घरी ओढून काढू नका. त्यातला दाब पेट्रोल गरम इंजिनावर उडवू शकतो. करंट बघायला प्लग काढून टाकीजवळ ठिणगी पाडण्याचंही तसंच. तिथे पेट्रोलची वाफ असते.

दूधवाल्यांसाठी एक खास सूचना. किटल्यांचे हूक किंवा कॅरिअर गाडीवरच वेल्डिंग करून घेत असाल, तर आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा आणि ईसीएमचा कपलरही सोडवा. वेल्डिंग करून आणलेली गाडी दुसऱ्या दिवशी बंद, हे मी पाहिलंय.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा चावी दिल्यावर लागला पाहिजे. लागलाच नाही तर ईसीएमला सप्लाय मिळत नाही असं समजा. गाडी चालू असताना तो विझत नसेल तर आत बिघाडाचा कोड साठलाय, तो स्कॅनरवर वाचता येतो. कोणी ‘ईसीएम गेला’ म्हणालं, तर तो कोड दाखवायला सांगा आणि अर्थिंगची वायर तपासायला लावा. गेल्या पावसाळ्यात दुसरीकडून ईसीएम बदलायला सांगितलेली एक गाडी माझ्याकडे आली. फ्रेमवरचा अर्थिंगचा बोल्ट उघडला तर खालचं तांबं हिरवं पडलेलं. पॉलिश पेपरने घासलं, वायरच्या टोकाला नवा थिंबळा दाबला, बोल्ट आवळला. चावी फिरवल्यावर ‘झूं’ आवाज आला आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली.